गाळणीवरचा पहारा : जलशुद्धीकरण केंद्रातील नियंत्रण यंत्रणा बदलताना

१९९३ सालच्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या मिल्वॉकी शहरात औषधांच्या दुकानांतून जुलाबावरील औषधे संपू लागली. शाळांमध्ये विद्यार्थी आणि शिक्षक दोघांचीही गैरहजेरी वाढली आणि रुग्णालयांतील कर्मचारीच आजारी पडू लागले. ७ एप्रिलपर्यंत रुग्णांच्या तपासण्यांत क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी आढळला होता. त्याच दिवशी संध्याकाळी महापौरांनी नागरिकांना पाणी उकळून पिण्याची सूचना दिली आणि ९ एप्रिलला शहराच्या दक्षिण भागातील हॉवर्ड अव्हेन्यू येथील जलशुद्धीकरण केंद्र तात्पुरते बंद करण्यात आले. पुढे केलेल्या पाहणीनुसार सुमारे ४,०३,००० लोक आजारी पडले होते. त्यानंतरच्या दोन वर्षांत या परजीवीशी संबंधित ५४ मृत्यूंची नोंद झाली. त्यांतील बहुसंख्य रुग्ण एड्समुळे आधीच दुर्बल झालेले होते. औषधोपचार आणि बुडालेले काम मिळून या साथीची किंमत नंतर ९ कोटी ६२ लाख डॉलर इतकी काढण्यात आली. अमेरिकेत पाण्यावाटे पसरलेली ही नोंदलेली सर्वांत मोठी साथ होय.

शिकागोहून दीड तासाच्या अंतरावरील, मिशिगन सरोवराच्या काठी वसलेले हे काही मागासलेले खेडे नव्हते. पाण्यात रसायन मिसळणे, गाळ बसू देणे, वाळूतून गाळणे, क्लोरीन घालणे ही सारी प्रक्रिया तेथे रोज होत होती. विशेष म्हणजे त्या आठवड्यांतही केंद्रातून बाहेर पडणारे पाणी त्या काळच्या नियमांच्या मर्यादेतच होते. मग चूक कोठे झाली? या प्रश्नाचे उत्तर शोधत गेले की आपण गाळण्यांच्या नियंत्रण यंत्रणेपाशी येऊन पोहोचतो. आज अमेरिकेतील, युरोपातील आणि भारतातीलही अनेक नगरपालिका आपल्या जुन्या गाळण्यांची नियंत्रणे बदलत आहेत. कागदोपत्री हे काम ‘विद्युत व उपकरणे’ अशा रुक्ष शीर्षाखाली येते आणि करदात्याला ते सहसा दिसतही नाही. त्यात नेमके काय बदलते आणि का बदलावे लागते, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

वाळू पाणी कशी गाळते

आपल्या घरी पाणी चौपदरी फडक्याने गाळत, किंवा माठात तुरटी फिरवून ते निवळू देत. पालिकेच्या केंद्रात याच दोन क्रिया मोठ्या प्रमाणावर होतात. प्रथम पाण्यात तुरटी किंवा तत्सम रसायन मिसळतात. पाण्यातील सूक्ष्म कणांवर बहुधा ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि तळाशी बसत नाहीत. तुरटीमुळे हा भार निवतो आणि कण एकत्र येऊन त्यांचे पुंजके बनतात. निवळण टाकीत मोठे पुंजके खाली बसतात, उरलेले पाणी गाळण्यांकडे जाते.

‘फिल्टर बेड’ या नावाने ओळखली जाणारी ही गाळणी म्हणजे काँक्रीटची एक मोठी उघडी टाकी. तिच्या तळाशी पाणी गोळा करणाऱ्या नळ्यांची मांडणी, वर खडीचा थर, त्यावर बारीक वाळू आणि अनेक ठिकाणी सर्वांत वर अँथ्रासाइट या कोळशाचा थर असतो. पाणी वरून येते आणि थरांतून झिरपत तासाला ५ ते १० मीटर या वेगाने खाली उतरते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाळूची गाळणी ही चाळण नव्हे. क्रिप्टोस्पोरिडियमच्या कोशाचा व्यास ४ ते ६ मायक्रॉन असतो आणि वाळूच्या कणांमधल्या फटी त्याच्या कित्येक पट मोठ्या असतात. कोश फटीत अडकत नाही, तो वाळूच्या कणाला चिकटतो. तो चिकटावा यासाठी आधी तुरटीने त्याचा विद्युतभार निवलेला असावा लागतो. तुरटीची मात्रा चुकली तर वाळूचा थर कितीही जाड असला तरी कोश त्यातून निसटतात. शिवाय या कोशाचे कवच असे असते की पिण्याच्या पाण्यात जेवढे क्लोरीन घालतात तेवढ्याने तो मरत नाही. म्हणजे केवळ क्लोरीनवर विसंबणाऱ्या केंद्रात या परजीवीच्या वाटेतील खरा अडसर गाळणी हाच असतो.

गाळणी आपले काम करते की नाही हे ताबडतोब सांगणारे साधन मात्र एकच आहे: पाण्याचा गढूळपणा. पाण्यातून प्रकाशाचा किरण सोडायचा आणि कणांवर आदळून बाजूला विखुरलेला प्रकाश मोजायचा. हे मोजमाप एनटीयू या एककात मांडतात. जंतूंची प्रयोगशाळेतील तपासणी पूर्ण व्हायला बहुधा एक दिवस किंवा अधिक लागतो. गढूळपणाचा आकडा काही क्षणांत मिळतो. तो परजीवी दाखवत नाही, पण गाळणीतून कण निसटू लागले आहेत हे दाखवतो.

मिल्वॉकीत काय घडले

१९९२ च्या उत्तरार्धात मिल्वॉकीने तुरटीऐवजी पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड हे रसायन वापरण्यास सुरुवात केली होती. १९९३ च्या मार्चमध्ये बर्फ वितळू लागले, जोराचा पाऊस झाला आणि सरोवरातून येणाऱ्या पाण्याची प्रत झपाट्याने बदलू लागली. थंड पाण्यात रसायनाची क्रिया मंदावते. नव्या रसायनाची मात्रा अशा पाण्यासाठी किती असावी याचा पुरेसा अनुभव कर्मचाऱ्यांच्या गाठी नव्हता. सुमारे २३ मार्चपासून दक्षिणेकडील केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढू लागला आणि २८ व ३० मार्चला तो १.७ एनटीयूपर्यंत पोहोचला. २ एप्रिलला केंद्र पुन्हा तुरटीकडे वळले, पण तोपर्यंत परजीवी घरोघरच्या नळांत पोहोचले होते.

नंतरच्या चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. रसायन मिसळल्यावर कणांवर किती विद्युतभार उरला हे सतत दाखवणारे एक उपकरण केंद्रात होते, पण ते चुकीच्या पद्धतीने बसवल्यामुळे वापरात नव्हते. गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा अखंड मोजणारी उपकरणेही वापरात नव्हती, त्यामुळे तो दर आठ तासांनी एकदा मोजला जात होता. याचा अर्थ असा की सकाळी आठच्या मोजणीनंतर दहा मिनिटांनी एखादी गाळणी ढळली, तर ते समजायला दुपारचे चार वाजत. दरम्यानचे पाणी लोक पिऊन मोकळे झालेले असत.

तेव्हा गाळणी, वाळू, रसायन आणि अनुभवी माणसे हे सारे असूनही गाळणीवर अखंड पहारा नव्हता. नियंत्रण यंत्रणेचे नूतनीकरण म्हणजे प्रथमतः हा पहारा बसवणे.

सरासरीत दडलेली गाळणी

पहारा कोठे बसवायचा, हा पुढचा प्रश्न. सर्व गाळण्यांचे पाणी जेथे एकत्र येते तेथे एकच उपकरण बसवणे स्वस्त आणि सोपे असते. त्याने काय होते ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एका केंद्रात आठ गाळण्या आहेत. सात उत्तम चालल्या असून प्रत्येकीचा गढूळपणा ०.०५ एनटीयू आहे. आठवीच्या थरात भेग पडली आहे आणि तिचे पाणी १.२ एनटीयू आहे. एकत्र झालेल्या पाण्याचा आकडा येतो साधारण ०.१९. आजच्या अमेरिकी नियमाची मर्यादा आहे ०.३. मुख्य उपकरण सांगते की सारे आलबेल आहे आणि शहराच्या पाण्याचा आठवा हिस्सा जवळजवळ न गाळता पुढे जात आहे.

म्हणूनच अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९८ च्या डिसेंबरमध्ये नवा नियम जाहीर केला. १०,००० किंवा अधिक लोकांना नदी-सरोवराचे पाणी पुरवणाऱ्या यंत्रणांना तो २००२ च्या जानेवारीपासून लागू झाला. एकत्रित पाण्याचा गढूळपणा महिन्यातील ९५ टक्के मोजण्यांत ०.३ एनटीयूपेक्षा जास्त असू नये आणि तो १ एनटीयूच्या वर कधीच जाऊ नये, हा त्याचा एक भाग. प्रत्येक गाळणीचा गढूळपणा स्वतंत्रपणे आणि अखंड मोजला जावा आणि त्याची दर पंधरा मिनिटांनी नोंद व्हावी, हा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा भाग. एखाद्या गाळणीच्या लागोपाठच्या दोन नोंदी १ एनटीयूच्या वर गेल्या तर ते शासनाला कळवावे लागते आणि त्याचे कारण शोधावे लागते. जुन्या केंद्रांमध्ये नियंत्रण यंत्रणा बदलण्यामागची मोठी प्रेरणा हा नियमच होता.

हे उपकरण बसवणे मात्र वाटते तितके सोपे नसते. नमुन्याची नळी त्या एका गाळणीच्या बाहेर पडणाऱ्या पाइपातून, इतर पाणी मिसळण्यापूर्वी घ्यावी लागते. नळी लांब असेल तर आकडा उशिरा कळतो, नळीत हवेचे बुडबुडे आले तर नसलेला गढूळपणा दिसतो आणि काच मळली तर आकडा हळूहळू खोटा होत जातो. म्हणून ते नियमितपणे स्वच्छ करून प्रमाणित द्रावणाशी ताडून पाहावे लागते. मिल्वॉकीच्या चौकशीने हेच दाखवून दिले की चुकीचे बसवलेले उपकरण नसल्यासारखेच असते.

झडपेचा हात

मोजमाप झाले की कृती आली. जुन्या केंद्रांत प्रत्येक गाळणीसमोर संगमरवरी किंवा लोखंडी टेबल असे. त्यावरील मुठी फिरवून कर्मचारी पाण्याच्या किंवा हवेच्या दाबावर चालणाऱ्या झडपा उघडत-मिटत. वाळूच्या थरात पाण्याचा दाब किती खर्च होतो, हे पाऱ्याच्या किंवा तरंगत्या गोळ्याच्या दर्शकावर दिसे आणि कागदाच्या तबकडीवर शाईचे पेन दिवसभराचा आलेख काढत राही. यातील कित्येक यंत्रणा पन्नास-साठ वर्षे चालल्या, ही त्यांच्या निर्मात्यांची थोरवीच म्हणावी लागेल. पण आज त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत, पारा हाताळणे धोक्याचे आहे आणि त्या दुरुस्त करणारी पिढी निवृत्त झाली आहे.

नव्या यंत्रणेत विजेवर चालणाऱ्या झडपा, विद्युतचुंबकीय प्रवाहमापक, दाबातील फरक मोजणारे संवेदक आणि या सर्वांना जोडणारा पीएलसी हा औद्योगिक संगणक असतो. केंद्रभरच्या पीएलसींची माहिती स्काडा या प्रणालीतून नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर येते.

गाळणीच्या नियंत्रणाचे मर्म तिच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या झडपेत आहे. नुकत्याच धुतलेल्या थरातून पाणी सहज उतरते, म्हणून ही झडप बरीचशी मिटलेली ठेवतात. थर जसजसा भरत जातो तसतसा विरोध वाढतो आणि झडप थोडी थोडी उघडत प्रवाह स्थिर राखते. झडप पूर्ण उघडली, तरी प्रवाह कमी होऊ लागला की गाळणी धुण्याची वेळ झाली. ही सूक्ष्म हालचाल दिवस-दिवसभर करत राहणे माणसाच्या हाताला शक्य नसते. तो यंत्राचा प्रांत आहे.

पण यंत्रही चुकीचे शिकवलेले असू शकते. प्रवाह थोडा कमी होताच झडप जास्त उघडली, मग प्रवाह वाढला म्हणून जास्त मिटली, असे हेलकावे सुरू झाले तर प्रत्येक हेलकाव्याला वाळूला चिकटलेले कण सुटून पाण्याबरोबर बाहेर येतात. वाळूच्या थराला अचानक बदल सोसत नाही. त्यामुळे नव्या यंत्रणेत झडपेने किती हळू हलावे हे ठरवणे, हे तिने कधी हलावे हे ठरवण्याइतकेच महत्त्वाचे असते. नवी, महागडी आणि वेगवान झडप बसवून पाणी अधिक गढूळ झाले, असेही होऊ शकते ते यामुळेच.

धुलाईची वेळ

गाळणी धुताना पाणी उलट्या दिशेने, खालून वर सोडतात. त्याला बॅकवॉश म्हणतात. आधी पाणी वाळूच्या जवळपास उतरवायचे, मग अनेक ठिकाणी खालून हवा सोडून थर घुसळायचा, मग वेगाने पाणी सोडून वाळू उचलून धरायची आणि सुटलेला गाळ वाहून न्यायचा. थर साधारण २० ते ३० टक्के फुगावा लागतो. त्याहून कमी फुगला तर मातीचे गोळे आत राहतात, जास्त फुगला तर वरचा हलका कोळसा गटारात वाहून जातो.

येथे ऋतूचा संबंध येतो. मिशिगन सरोवराचे पाणी हिवाळ्यात गोठणबिंदूच्या जवळ असते आणि उन्हाळ्यात बरेच उबदार होते. १ अंश सेल्सियसच्या पाण्याचा दाटपणा २० अंशांच्या पाण्याच्या पावणेदोन पट असतो. दाट पाणी वाळूला अधिक सहज उचलते. त्यामुळे उन्हाळ्यात योग्य असलेला धुलाईचा वेग हिवाळ्यात वापरला तर कोळसा वाहून जाईल आणि हिवाळ्याचा वेग उन्हाळ्यात वापरला तर वाळू नीट धुतलीच जाणार नाही. जुना जाणता कर्मचारी हे डोळ्यांनी पाहून मूठ फिरवत असे. नव्या यंत्रणेत पाण्याच्या तापमानानुसार धुलाईचा वेग आपोआप बदलण्याची सोय करता येते, पण तसे करावे लागते हे संगणक लिहिणाऱ्याला कोणीतरी सांगावे लागते.

आणखी दोन गोष्टी धुलाईशी निगडित आहेत. एक गाळणी धुण्यासाठी बंद केली की तिचा भार इतरांवर पडतो. आठ गाळण्या असतील तर उरलेल्या प्रत्येकीचा प्रवाह सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो, चारच असतील तर ३३ टक्क्यांनी. हा बदल एकदम झाला तर चांगल्या गाळण्यांतूनही कण निसटतात. म्हणून यंत्रणेने एका वेळी एकच गाळणी धुवावी, इतरांना रांगेत थांबवावे आणि भार हळूहळू हलवावा. दुसरी गोष्ट अशी की नुकतीच धुतलेली गाळणी सुरुवातीचा काही काळ चांगली गाळत नाही. तिच्या कणांवर गाळाचा पातळ लेप चढेपर्यंत पाणी थोडे गढूळच येते. पूर्वी हे पाणी बहुतेक ठिकाणी सरळ पुढे जात असे. आता वेगळी झडप बसवून, गढूळपणा उतरेपर्यंत ते पाणी बाजूला काढून टाकतात. धुलाईचे पाणी मिल्वॉकीत त्या काळी पुन्हा केंद्राच्या प्रक्रियेत मिसळले जात होते. अशा पाण्याने शुद्धीकरणाच्या सर्व टप्प्यांतून पुन्हा जावे, असा नियम अमेरिकेत २००१ साली करण्यात आला.

बंद करण्याचा अधिकार कोणाचा

नूतनीकरणातील सर्वांत अवघड प्रश्न तंत्राचा नसून निर्णयाचा आहे. गाळणीचे पाणी गढूळ झाले तर यंत्राने ती आपण होऊन बंद करावी काय? मिल्वॉकीच्या अनुभवानंतर या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच सुचते आणि बहुतेक नव्या यंत्रणांत तशी सोय असते. रात्री तीन वाजता नियंत्रण कक्षातील एकटा माणूस गोंधळू शकतो, वरिष्ठांना फोन करण्यास कचरू शकतो. यंत्र कचरत नाही.

पण गढूळपणा मोजणारे उपकरणच बंद पडले तर? आकडा नाही याचा अर्थ पाणी चांगले आहे असा घेता येत नाही. १९९३ मध्ये नेमके तेच घडले होते. म्हणून हरवलेला आकडा हा वाईट आकडा मानावा, असे तत्त्व सांगता येईल. आता समजा, सर्व उपकरणांना वीज पुरवणारी एकच तार तुटली. सगळे आकडे एकदम गेले आणि यंत्राने सर्व गाळण्या बंद केल्या, तर थोड्या वेळाने शहराच्या पाइपांतील दाब उतरू लागेल. दाब उतरला की आग विझवायला पाणी राहत नाही आणि जमिनीतील गळक्या जोडांतून बाहेरचे घाण पाणी पाइपांत शिरू शकते. एक धोका टाळताना दुसरा ओढवून घेतल्यासारखे होईल.

याचे एकच सर्वमान्य उत्तर नाही, पण विचारपूर्वक केलेल्या कामात काही गोष्टी सहसा आढळतात. प्रत्येक गाळणीचा पीएलसी आणि वीजपुरवठा शक्यतो स्वतंत्र ठेवतात, म्हणजे एका बिघाडाने सारे केंद्र थांबत नाही. एका वेळी किती गाळण्या आपोआप बंद होऊ शकतात याला मर्यादा घालतात. त्यापुढील निर्णय माणसाकडे सोपवतात, पण त्याला तो निर्णय घ्यावाच लागेल अशी ठळक सूचना पडद्यावर येते. वीज गेल्यास कोणत्या झडपेने आहे तेथे थांबायचे आणि कोणतीने मिटायचे हे प्रत्येक झडपेसाठी वेगळे ठरवतात. धुलाईचे पाणी शुद्ध पाण्याच्या वाटेला लागू नये यासाठी दोन विशिष्ट झडपा एकदम उघडूच नयेत, असा अडसर बसवतात.

हे सारे निर्णय संगणकाची आज्ञावली लिहिण्यापूर्वी साध्या भाषेत कागदावर उतरवावे लागतात. या दस्तऐवजाचे महत्त्व ज्यांनी सॉफ्टवेअरचे कोणतेही मोठे काम केले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. येथे फरक इतकाच की हा कागद लिहिताना अभियंत्याने केंद्रातील सर्वांत जुन्या कर्मचाऱ्याशेजारी बसले पाहिजे. तिसऱ्या क्रमांकाची गाळणी इतरांपेक्षा लवकर भरते, पावसाळ्यात अमुक झडप अडकते, ही माहिती कोणत्याही नकाशात नसते. ती त्याच्याबरोबर निवृत्त होते.

चालत्या केंद्रात काम

शहर पाणी पिणे थांबवत नाही, त्यामुळे केंद्र बंद ठेवून हे काम करता येत नाही. एकेक गाळणी सेवेतून बाहेर काढायची, तिच्या झडपा, तारा व संवेदक बदलायचे, प्रत्येक तार योग्य जागी जाते का हे तपासायचे, मग पाणी सोडून सर्व क्रम अनेकदा करून पाहायचा आणि ती समाधानकारक ठरल्यावरच पुढच्या गाळणीला हात लावायचा. मधल्या काळात काही गाळण्या जुन्या पद्धतीने आणि काही नव्या पद्धतीने चालत असतात. कर्मचाऱ्यांना दोन्ही सांभाळावे लागते आणि चुका होण्याचा संभव याच काळात सर्वाधिक असतो.

वेळेची निवडही पेचाची असते. उन्हाळ्यात पाण्याची मागणी जास्त, म्हणून गाळणी बंद ठेवणे परवडत नाही. हिवाळ्यात मागणी कमी, पण थंड पाण्यात रसायनाची क्रिया मंदावलेली असते आणि उरलेल्या गाळण्यांवरच विसंबावे लागते. म्हणून प्रत्यक्ष जागेवर जाण्यापूर्वी आज्ञावलीची चाचणी कारखान्यात, खोटे संकेत देऊन घेतली जाते. तेथे सापडलेली चूक स्वस्तात सुटते.

स्वयंचलनाबरोबर दोन नवे धोकेही येतात. एक सूचनांचा भडिमार. पडद्यावर दिवसाला शेकडो लाल ओळी येऊ लागल्या की माणूस त्या न वाचताच पुसून टाकतो आणि खरी सूचना त्यांतच हरवते. दुसरा बाहेरचा हल्ला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियातील अलिक्विपा येथील पाणीपुरवठा संस्थेच्या दाबवाढ केंद्रातील एका पीएलसीवर इराणशी संबंधित गटाने ताबा मिळवला. कर्मचाऱ्यांनी स्वयंचलित यंत्रणा बंद करून हाताने काम चालवले आणि लोकांच्या पाण्याला बाधा पोहोचली नाही. त्यानंतर अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने दिलेला सल्ला साधा होता: कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड बदला आणि हे उपकरण थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नका. अलिक्विपाचा दुसरा धडा मात्र तितकाच मोलाचा आहे. हाताने केंद्र चालवता येण्याची सोय आणि ते चालवण्याचा सराव असलेली माणसे, हे दोन्ही नूतनीकरणानंतरही टिकले पाहिजे.

मायदेशी आणि येथे

मिल्वॉकीने पुढील पाच-सहा वर्षांत आपल्या दोन्ही केंद्रांवर जवळपास ९ कोटी डॉलर खर्च केले. गाळण्यांची सुधारणा केली, हॉवर्ड अव्हेन्यूसाठी सरोवरातून पाणी घेणारा पाइप ४,२०० फूट आणखी आत नेला आणि १९९८ पासून ओझोनचा वापर सुरू केला. ओझोनपुढे क्रिप्टोस्पोरिडियमही टिकत नाही. या खर्चाची तुलना साथीच्या किमतीशी केली तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत. फरक एवढाच की साथीचे पैसे आजारी माणसांनी आणि त्यांच्या कुटुंबांनी मोजले.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यातील सिंहगड रस्ता परिसरात गिलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा परदेशातील अनेक मराठी घरांतून आई-वडिलांना काळजीचे फोन गेले. पालिकेत नव्याने आलेल्या त्या गावांतील काही भागाला गाळण न करता, केवळ क्लोरीन घालून पाणी पुरवले जात होते, हे तेव्हा उघड झाले. तेथील प्रश्न नियंत्रणांच्या आधीचा, गाळणीच नसण्याचा होता. पण गाळणी उभी राहिली की पहाऱ्याचा प्रश्न लगेच येतो. पावसाळ्यात आपल्या नद्यांचा गढूळपणा पाहता पाहता कित्येक पटींनी चढतो आणि मिल्वॉकीच्या मार्चसारखे दिवस दरवर्षी येतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तरच ५ पर्यंत चालावा. आपल्या गावच्या नगरसेवकाला किंवा अभियंत्याला विचारण्यासारखा प्रश्न मात्र आकड्याच्या पलीकडचा आहे: प्रत्येक गाळणीचे पाणी वेगळे मोजले जाते का आणि ते बिघडले तर गाळणी कोण, किती वेळात बंद करतो?

अमेरिकेत राहणाऱ्यांना हे अधिक सोपे आहे. प्रत्येक सामुदायिक पाणीपुरवठा संस्थेला दरवर्षी १ जुलैपर्यंत ग्राहकांना पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल द्यावा लागतो. तो बहुधा बिलाबरोबर येतो आणि न वाचता टाकला जातो. तुमच्या गावाला नदी किंवा सरोवराचे पाणी मिळत असेल तर त्यात गढूळपणाची ओळ शोधावी. वर्षातील सर्वांत वाईट एक मोजणी आणि मर्यादेत राहिलेल्या मोजण्यांचा सर्वांत कमी मासिक टक्का, असे दोन आकडे तेथे असतात. पहिला आकडा ०.३ च्या बराच खाली आणि दुसरा १०० टक्के असेल तर कोणीतरी आपल्या गाळण्यांवर नीट पहारा ठेवत आहे असे समजावे. तसे नसेल तर अहवालावर छापलेल्या दूरध्वनी क्रमांकावर फोन करून कारण विचारावे. पुढच्या नगरसभेत ‘विद्युत व उपकरणे’ या शीर्षाखाली काही कोटींची मागणी आली तर ती कशासाठी आहे, हेही मग आपल्याला ठाऊक असेल.